मनूचा मासा आणि काचेची पेटी

वारकरी सज्जनहो, अलीकडे माळकऱ्यांच्या घरांतूनही मासे पाळण्याच्या काचेच्या पेट्या दिसू लागल्या आहेत. त्यांत ऑस्कर नावाचा मासा फार लोकप्रिय. हा सिक्लिड कुळातला, मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या पाण्यातला. धन्याला ओळखतो, काचेजवळ येतो, खाऊ मागतो. म्हणून पुष्कळजण विचारतात, 'महाराज, असा मासा पाळणे भूतदयेत बसते काय?'

आधी वस्तुस्थिती पाहू. दुकानात हा मासा दोन-तीन इंचांचा असतो. नीट वाढला तर वर्षा-दीड वर्षात फूटभर होत येतो आणि १० वर्षांहून अधिक जगू शकतो. एकट्याला सुमारे ३०० लिटर पाणी हवे. त्याच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष पाण्यात उतरते. गाळणीत वाढणारे सूक्ष्म जीव त्याचे कमी विषारी द्रव्य करतात; पण तेही साठत जाते. म्हणून दर आठवड्याला निदान चौथा हिस्सा पाणी बदलावेच लागते. पाणी निर्मळ दिसले म्हणजे निर्विष झाले, असे नव्हे बरे!

आता शतपथ ब्राह्मणातील मनूची कथा आठवा. हात धुण्याच्या पाण्यात आलेला इवलासा मासा त्याच्याकडे रक्षण मागू लागला. मनूने त्याला मडक्यात ठेवले. मडके पुरेना, तेव्हा खड्डा खणला. खड्डाही पुरेना, तेव्हा समुद्रात पोचवले. लहान मासा कोणीही हौसेने उचलील. तो वाढला तशी जागा वाढवीत गेला, ही मनूची थोरवी.

येथे शंका येईल, 'मग आम्हीही मोठा झालेला मासा एकादशीला चंद्रभागेत सोडला तर पुण्यच ना?' अहो, चंद्रभागा हे ऑस्करचे घर नव्हे. तो तेथे मेला, तर आपल्या हातून मेला. जगला, तर इथल्या माशांची पिले गिळील. १९५२ साली आफ्रिकेतील तिलापिया जातीचा मासा आपल्या देशात आणला गेला. तोही याच सिक्लिड कुळातला. आज चिलापी या नावाने तो उजनीच्या जलाशयापर्यंत पसरला आहे. एकदा पाण्यात गेलेले परत वेचून काढता येत नाही. घरचे ओझे नदीच्या पदरात टाकणे याला दान म्हणत नाहीत.

दुसरी शंका आहाराची. ऑस्कर मांसाहारी. काहीजण त्याच्यापुढे जिवंत मासोळ्या सोडतात आणि मुलाबाळांना तमाशा दाखवतात. हे तर करूच नये. तयार गोळ्यांवर तो उत्तम जगतो, आणि जिवंत मासोळ्यांतून रोगही येतात. पण त्या गोळ्यांतही बहुधा मासळीची भुकटी असतेच, हे लपवून काय उपयोग? मासा स्वधर्माने खातो. त्याला दोष नाही. दोष लागतो तो केवळ डोळ्यांच्या सुखासाठी त्याला घरी आणणाऱ्या माळकऱ्याला.

तेव्हा निर्णय असा. माळकऱ्याने हौसेसाठी असा मासा आणू नये. दया करायची ती आणण्याआधीच करावी. पण ज्याच्या घरी तो आधीच आहे, त्याने वैराग्याचे निमित्त करून त्याला टाकू नये. मोठी पेटी करावी; ते सामर्थ्य नसेल तर मोठी पेटी असलेल्या जाणत्याच्या स्वाधीन करावा. तोवर पाणी बदलण्याचा नेम वारीसारखा पाळावा. पाऊस आहे, पाहुणे आहेत, म्हणून आपण वारी चुकवत नाही ना? तसेच हे. ज्या जिवाचे सगळे जग आपण चार काचांएवढे केले, त्याला त्या चार काचांत सुख देणे हे आता आपले देणे आहे. देणे फेडावे, त्याची फुशारकी मारू नये.

रामकृष्णहरि.