खुनी कोण ते सांगू नका

जळकोट नावाची गावं दोन आहेत. एक लातूर जिल्ह्यातलं, ते तालुक्याचं. आणि दुसरं आमचं, धाराशिव जिल्ह्यातलं, नळदुर्ग सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की येणारं. त्यामुळं त्यांचं टपाल आमच्याकडं आणि आमचं त्यांच्याकडं, असा प्रकार अधूनमधून होतो. एकाच्या नावावरची गोष्ट दुसऱ्याच्या खात्यावर पडली की काय घोळ होतो, हे बँकेत कारकुनी करणाऱ्याला निराळं सांगायला नको. पण आज सांगायचं आहे ते टपालाचं नाही, खुनाचं.

घाबरू नका, खून जळकोटात झालेला नाही. तो झाला युगोस्लाव्हियात, बर्फात अडकलेल्या आगगाडीत, १९३५ साली. आणि आम्ही तो पाहिला दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असताना, आमच्या बैठकीच्या खोलीत. सिनेमाचं नाव ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’. अगाथा ख्रिस्तीची कादंबरी १९३४ सालची, सिडने ल्युमेटचा सिनेमा १९७४ चा. कॉलेजात असताना मी ही कादंबरी सोलापुरातल्या एका वाचनालयातून भाड्यानं आणली होती. तिची शेवटची आठ पानं कुणीतरी फाडून नेलेली. वाचनालयवाल्यानं डिपॉझिट माझंच कापलं. तेव्हापासून खुनी कोण, हे माझ्या खात्यात ‘येणे बाकी’ पडून होतं. पंचवीस वर्षांनी वसुली करायला बसलो, ती सहकुटुंब सहपरिवार: आई, सौ., दहावीतले चिरंजीव, शेजारचे निवृत्त गुरुजी आणि आमच्या शाखेचे कॅशियर.

आता या सिनेमात घडतं काय? गाडीत देशोदेशीची डझनभर माणसं बसतात. गाडी बर्फात रुतते. एक श्रीमंत अमेरिकन मरतो. अंगावर वार बारा. आणि मग प्वारो नावाचा तेल लावलेल्या मिशांचा गुप्तहेर एकेकाला बोलावून जबाब घेतो. बस्स. पाठलाग नाही, गोळीबार नाही, गाणं तर नाहीच. गाडी जागची हलत नाही आणि कथाही तिच्यापाठोपाठ सावकाश उभी.

मंडळींची मतं लगोलग येऊ लागली.

“वो साहेब, ह्यो मरणार हाय कवा?” कॅशियरनी सुरुवातीलाच विचारलं. तो मेल्यावर म्हणाले, “मेला ते बरं झालं, पर आता नुसते जबाबच चालल्यात की! आपलं इन्स्पेक्शन बी ह्याच्यापरीस फास्ट आसतंय.”

गुरुजींना मात्र जबाब आवडले. कोणता मुलगा पाठ करून आला आहे, हे चेहऱ्यावरून ओळखण्यात त्यांची नोकरी गेली होती.

आईला भाषा कळत नव्हती, पण डोळ्यांतून काही सुटत नव्हतं. “एवढी माणसं एका डब्यात, आन् एकाजवळबी जेवणाचा डबा नाही?” ही तिची पहिली शंका. दुसरी जरा खोल होती. “ह्यांतलं कुणीच मेलेल्यासाठी रडंना रे!”

चिरंजीवांनी रिमोट हातात घेऊन विचारलं, “बाबा, दीडपट स्पीडनं लावू?” हल्लीची मुलं सगळंच दीडपट वेगानं बघतात. लावून पाहिलं. प्वारो बाजारात भाव पुकारणाऱ्या अडत्यासारखा बोलू लागला. सौ. म्हणाल्या, “राहू दे रे, माणूस विचार करतोय. त्याला घाई करू नये.” (हा न्याय मला घरात कधी लागू झालेला नाही.)

मध्यंतराचा चहा झाला आणि कॅशियरनी गुपचूप मोबाइल काढला. दोन मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर एक निराळंच तेज आलं. त्यांना खुनी सापडला होता. आता ते सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. “सांगू का?” “सांगू नका!” आम्ही पाचही जण ओरडलो. मग काय झालं? पाचच मिनिटांत कॅशियरसाहेब लोडाला टेकून घोरू लागले! नाव कळलं, काम संपलं. बाकीचा सिनेमा त्यांच्या दृष्टीनं नुसता व्याजाचा हिशेब उरला होता, आणि तो त्यांना ऑफिसात पुरतो.

ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद डोळे मिटून वाचावा.

मेलेला अमेरिकन हा नाव बदलून फिरणारा नराधम असतो. त्यानं एका लहान मुलीला पळवून मारलेलं असतं आणि पैशाच्या जोरावर तो सुटलेला असतो. डब्यातल्या बारा जणांचं त्या घराशी काही ना काही नातं असतं. प्रत्येकानं एकेक वार केलेला असतो. प्वारो हे सगळं उलगडून दाखवतो आणि दुसरा एक साधा खुलासाही मांडतो: बाहेरून कुणीतरी चढला, मारून उतरून गेला. पोलिसांना कोणता द्यायचा? ठरतं की साधाच द्यायचा. बारा जण सुटतात. एकमेकांशी पेले भिडवतात. जगातल्या हुशार माणसानं डोकं चालवून सत्य शोधलं आणि मग त्याची घडी घालून खिशात ठेवलं.

यावर आमच्या बैठकीत जी जुंपली ती सिनेमापेक्षा वेगवान होती. गुरुजी म्हणाले, “खून तो खून. उद्या जो तो उठून सुरी काढील.” सौ. म्हणाल्या, “आणि त्या लेकराचं काय? कोर्टानं न्याय दिला असता तर ह्यांना सुरी कशाला लागली असती?” आई म्हणाली, “तिथं रामशास्त्री पाहिजे होता.”

आईनं लहानपणी खंडोबाच्या जत्रेतल्या तंबूत प्रभातचा ‘रामशास्त्री’ पाहिलेला. तो तिच्या मनातून उतरला नव्हता. तेव्हा चौथ्या शनिवारी तीच मंडळी, तीच बैठक आणि १९४४ चा ‘रामशास्त्री’. गजानन जागीरदार रामशास्त्री, ललिता पवार आनंदीबाई.

हाही खुनाचाच सिनेमा. आणि गतीचं म्हणाल तर ओरिएंट एक्सप्रेस बरी. इथं खून व्हायच्या आधी न्यायाधीशाला लहानाचं मोठं व्हावं लागतं, काशीला जाऊन शिकून यावं लागतं! शिवाय खुनी कोण, हे शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी, अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे आणि काका राघोबादादा. ‘धरावे’ या शब्दातल्या ‘ध’चा ‘मा’ झाला, ही गोष्ट दंतकथा म्हणून सोडून देऊ. नाहीतरी असली खाडाखोड केलेला चेक आम्ही खिडकीवरूनच परत पाठवतो. पण नाव लपवायला इथं जागाच नव्हती. म्हणजे कॅशियरनी पहिल्या पाच मिनिटांत झोपायला हवं होतं.

ते झोपले नाहीत. उलट गुडघ्यांवर हात ठेवून पुढं सरकून बसले. मी हळूच विचारलं, “काय हो, खुनी तर माहीत आहे.” ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, “खुनी म्हाईत हाय वो. पर त्येच्या तोंडावर म्हणतो का न्हाई, ते बगू द्या.”

मी चमकलो. माझ्या पंचवीस वर्षांच्या येणेबाकीचा हिशेब या गृहस्थानं एका वाक्यात चुकता केला होता. ‘खुनी कोण’ हा प्रश्न तसा सोपा. एका नावानं तो सुटतो, कुणी मोबाइलवर पाहून सांगितलं तरी सुटतो. नाव कळल्यावर आपण काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर मात्र मोबाइलवर सापडत नाही. रामशास्त्र्यांनी काय केलं? सगळं पुणं जे कुजबुजत होतं ते त्यांनी, गादीवर बसलेल्या राघोबादादाला, तोंडावर सांगितलं. या पापाला देहान्त प्रायश्चित्त, दुसरं नाही. आणि पद सोडून पुण्याबाहेर निघून गेले. शोध काहीच लावला नाही म्हटलं तरी चालेल. फक्त बोलले.

“मग प्वारो चुकला,” गुरुजी विजयी मुद्रेनं म्हणाले.

सौ. चहाचे कप गोळा करत होत्या. म्हणाल्या, “असं कसं? प्वारो गप्प बसला त्यानं पिडलेली माणसं वाचली. रामशास्त्री गप्प बसले असते तर पेशवा वाचला असता. गप्प बसून कोण वाचतं आणि कोण मरतं, ते बघायला नको का?” आणि कप घेऊन आत गेल्या.

गुरुजींना हे सगळं पटलं असं नाही. मलाही रात्रभर झोप नव्हती, पण ती निराळ्या कारणानं.

पंधराएक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाखेत होतो. गावाचं नाव सांगत नाही. एका संध्याकाळी कॅश दोन हजारांनी कमी भरली. शाखेत आम्ही चौघे आणि रोजंदारीवरचा एक शिपाई. पैसे कुणी उचलले ते मी पाहिलं होतं. तो माणूस माझा वरिष्ठ होता आणि माझ्या बदलीचा अर्ज त्याच्या टेबलावर होता. आम्हा चौघांकडून लेखी जबाब घेतले. मी लिहिलं, ‘त्या वेळी मी लेजर पाहत होतो.’ यातला शब्दन् शब्द खरा आहे. पाहिल्यावर मी झटकन मान खाली घालून लेजरच पाहू लागलो होतो. उरलेल्या दोघांचे जबाबही असेच, व्याकरणशुद्ध. शिपायावर कुणी आळ घेतला नाही. नुसतं दुसऱ्या दिवसापासून त्याला बोलावलं नाही.

ओरिएंट एक्सप्रेसमधल्या बारा जणांनी निदान एकेक वार तरी केला. आम्ही काहीच केलं नाही. आणि ते ‘काहीच नाही’ सारख्या वाटणीनं वाटून घेतलं, म्हणून कुणालाच जड गेलं नाही. माझी बदली झाली.

तो शिपाई आता एका बसस्थानकाबाहेर चहाचा गाडा चालवतो, हे मला बरीच वर्षं ठाऊक होतं. म्हणून मी त्या स्थानकावर उतरायचं टाळत असे. ‘रामशास्त्री’ पाहिल्यावर दुसऱ्याच रविवारी उतरलो. त्यानं ओळखलं. विचारण्याआधीच बिनसाखरेचा चहा पुढं केला. शाखेत तोच मला चहा आणून द्यायचा. मी पावसाबद्दल बोललो. सोयाबीनच्या भावाबद्दल बोललो. त्याच्या मुलीची बारावी झाली, त्याबद्दल बोललो. परतीची एस.टी. चाळीस मिनिटं उशिरा होती. वेळेवर आली असती तर चहाचे पैसे देऊन मी तसाच चढलो असतो आणि तिकडून निघताना केलेला निश्चय जळकोटला परत आणला असता. पण ती येईना, आणि बोलायला दुसरं काही उरेना.

“त्या दिवशी पैसे कुणी घेतले, ते मी पाहिलं होतं,” मी म्हणालो.

त्यानं गाळणं झटकलं. “ठाऊक हाय की साहेब. सगळ्यान्लाच ठाऊक हुतं.” मग स्टोव्हची वात जरा कमी केली. “तुमी बोलताल आसं वाटलं हुतं. चार दिस वाट बगितली.”

“मग?”

“मग काय, गाडा टाकला.”

मी दुसरा चहा मागितला. एस.टी. आली, तिला जाऊ दिली. दोन चहांचे पैसे त्यानं मोजून घेतले आणि सुटे परत दिले. दीडपट वेगाच्या आमच्या चिरंजीवांना हा प्रसंग दाखवला असता तर ते म्हणाले असते, “बाबा, खूप स्लो आहे.” खरं आहे. पंधरा वर्षं लागली.