कपडे आपले, इच्छा कुणाची?

१९८५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत आठवड्याच्या अंतराने दोन चित्रपट लागले. ८ तारखेला ‘विटनेस’, १५ तारखेला ‘द ब्रेकफास्ट क्लब’. पहिल्यात फिलाडेल्फियाचा एक पोलीस अधिकारी जीव वाचवण्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत लपतो आणि तिथल्या एका विधवेच्या दिवंगत नवऱ्याचे कपडे अंगावर चढवतो. उंचापुऱ्या हॅरिसन फोर्डला ती विजार आखूड होते, आणि प्रेक्षक हसतात. दुसऱ्यात शिकागोच्या उपनगरातली पाच मुलं शिक्षा म्हणून शनिवारचा अख्खा दिवस शाळेच्या ग्रंथालयात डांबलेली असतात. शेवटाकडे त्यातली श्रीमंत घरची, सर्वांची लाडकी मुलगी एका विक्षिप्त, अबोल मुलीच्या डोळ्यांभोवतीचं काजळ पुसते, तिला ढगळ काळ्या कपड्यांतून फिकट, नाजूक टॉपमध्ये आणते, केस मागे घेऊन पट्टी बांधते. कुस्तीच्या संघातला मुलगा तिच्याकडे बघतच राहतो.

पोलीस कुणाला दिसू नये म्हणून इतरांसारखा होतो. मुलगी दिसावी म्हणून इतरांसारखी होते.

या दुसऱ्या प्रसंगावर तेव्हापासून अनेक जण चिडलेले आहेत. मूळची मुलगीच बरी होती, असं त्यांचं म्हणणं. पण त्या काजळात आणि काळ्या कपड्यांत तरी ‘मूळची’ मुलगी होती का? त्याही वेषाचे नमुने तेव्हाच्या इंग्लिश बँडच्या व्हिडिओंत सापडतात. सोळा वर्षांचं पोर सकाळी आरशासमोर उभं राहून शर्ट निवडतं, तेव्हा निवडणारा नेमका कोण असतो, हा प्रश्न इच्छास्वातंत्र्याचा आहे. तत्त्वज्ञांनी तो ईश्वर, कर्म, नियती अशा भारदस्त संगतीत सोडवायला घेतला. ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन हायस्कुलात तो रोज सकाळी पहिल्या घंटेच्या आधी उभा राहायचा.

तिथल्या सरकारी शाळांत गणवेश नव्हता, हे मराठी वाचकाने आधी लक्षात घ्यायला हवं. आपल्याकडे पांढरा सदरा आणि खाकी चड्डी यांनी हा प्रश्न निदान शाळेपुरता मिटवून टाकला होता. तिथे तो उघडा होता, आणि त्याला कायद्याचं वलयही होतं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘टिंकर’ खटल्यात निकाल दिला की व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी पट्टी बांधून आलेल्या मुलांना शाळा घरी पाठवू शकत नाही. शाळेच्या फाटकात शिरताना मुलांचा अभिव्यक्तीचा हक्क बाहेर राहत नाही. त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं, की हा वाद स्कर्टच्या लांबीचा किंवा केसांच्या वळणाचा नाही. म्हणजे पट्टी हे मत, आणि स्कर्ट हा नुसता स्कर्ट. लॉकरच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांना हा फरक पटला असता असं वाटत नाही. त्यांच्या लेखी स्कर्टच बोलत होता.

काय बोलत होता? १९८० च्या सुमारास तो ‘मी खानदानी’ असं बोलत होता. त्या वर्षी लिसा बर्नबाक यांनी संपादित केलेलं ‘द ऑफिशियल प्रेपी हँडबुक’ आलं. पूर्वेकडच्या श्रीमंत खासगी शाळांमधल्या मुलांची ती थट्टा होती: मगरीचं चित्र असलेला टी-शर्ट, उभी कॉलर, होडीवर घालायचे बूट. देशभरच्या साध्या शाळांतल्या मुलांनी ती थट्टा मार्गदर्शिका म्हणून वाचली आणि कॉलरी उभ्या केल्या. त्याच वर्षी कॅल्विन क्लाइनच्या जीन्सची जाहिरात १५ वर्षांच्या ब्रुक शील्ड्सने केली. काही दूरचित्रवाणी केंद्रांनी ती दाखवायला नकार दिला, आणि जीन्स आणखी खपल्या. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झाली. आता नमुना घरातच, चोवीस तास. १९८३ मध्ये प्लास्टिकची स्वॉच घड्याळं आली, आणि मुली एका मनगटावर दोन-दोन, तीन-तीन बांधू लागल्या. वेळ कळायला एकच पुरेसं होतं.

मग मॅडोना आली. मिशिगनमधल्या कॅथलिक घरात वाढलेली ही गायिका गळ्यात क्रूस घालून, हातांत लेसचे मोजे आणि रबरी कडी चढवून नाचली. १९८५ च्या तिच्या दौऱ्यात मुलींचे जथेच्या जथे तशाच वेषात आले. त्या गळ्यांतल्या क्रुसांचा अर्थ काय होता? धर्मगुरूंना ती विटंबना वाटली. मुलींना बहुधा काहीच वाटलं नसावं, आणि श्रद्धेच्या दृष्टीने खरी अडचणीची गोष्ट तीच. विटंबना करायला निदान आधी पावित्र्य मान्य असावं लागतं.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गिऑर्ग झिमेलने १९०४ मध्येच फॅशनची कुंडली मांडून ठेवली होती. माणसाला कळपात राहायचं असतं आणि कळपात उठूनही दिसायचं असतं. फॅशन या दोन्ही भुका एकाच कपड्यात भागवते. म्हणून ती पसरते, आणि सगळीकडे पसरली की मरते. कॅमेरॉन क्रो या तरुण पत्रकाराने विद्यार्थी असल्याचं भासवून सॅन डिएगोच्या एका हायस्कुलात काही महिने काढले, पुस्तक लिहिलं आणि त्यावर १९८२ मध्ये ‘फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमाँट हाय’ हा चित्रपट निघाला. त्यात दोन मैत्रिणी गप्पांत हिशेब करतात की आपल्या शाळेत पॅट बेनाटार या गायिकेसारख्या दिसणाऱ्या मुली तीन झाल्या. तीनपैकी प्रत्येकीने तो वेष वेगळं दिसण्यासाठीच घेतला असणार.

पण झिमेल कपड्यापाशी थांबतो. इच्छेच्या मुळाशी गेला तो रने जिरार. आव्हिन्यॉंला जन्मलेला हा फ्रेंच विचारवंत १९४७ मध्ये अमेरिकेत आला आणि १९८१ पासून कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागला. मॉलमध्ये वाढणाऱ्या किशोरांचं सगळ्यात गाजलेलं राज्य तेव्हा तेच होतं. जिरारचं म्हणणं असं, की माणूस थेट वस्तूची इच्छा करत नाही. दुसऱ्याला ती हवी आहे हे पाहून त्याला ती हवीशी होते. प्रत्येक इच्छेत एक तिसरा माणूस असतो. तो दूरचा असेल तर भक्ती निपजते, शेजारचा असेल तर वैर. मॅडोनाशी कुणी मुलगी भांडली नाही. भांडण झालं ते बाजूच्या लॉकरवालीशी, कारण तिने तेच जाकीट एक दिवस आधी घातलं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली साखळी आपण प्रवचनांतून ऐकलेली असते: विषयाचं चिंतन केलं की आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, आणि पुढे बुद्धिनाश. त्या साखळीत माणूस आणि वस्तू असे दोघेच आहेत, शेजारी नाही. तो भेटतो तिसऱ्या अध्यायात, जिथे श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे इतर वागतात, असं कृष्ण सांगतो. तिथे विषय लोकसंग्रहाचा आहे, वासनेचा नाही. जिरार वाचल्यावर वाटतं, की या दोन जागा शेजारी-शेजारी ठेवून वाचायला हव्यात. काम जागा होतो तो बऱ्याचदा विषयाच्या चिंतनाने नव्हे, तर तो विषय ज्याच्याकडे आहे त्याच्या चिंतनाने.

साखळीची पुढची कडी अमेरिकेने पाहिली. १९८५ मध्ये नायकीने ६५ डॉलरचे एअर जॉर्डन बूट बाजारात आणले. बास्केटबॉल संघटनेने मैदानात बंदी घातली तरी तुम्हाला हे घालण्यापासून ती रोखू शकत नाही, अशा अर्थाची जाहिरात केली. बंडखोरी, नगानगाने विकायला. लाखो मुलांनी एकसारखं बंड पायांत घातलं. १९८९ मध्ये मेरीलँडमध्ये १५ वर्षांच्या एका शाळकरी मुलाचा या बुटांपायी खून झाला. आरोपी १७ वर्षांचा, त्याच्याबरोबर बास्केटबॉल खेळणारा. पुढच्या वर्षी ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ने या प्रकारांवर मुखपृष्ठकथा केली. मारणारा अनोळखी दरोडेखोर नव्हता, याचं जिरारला नवल वाटलं नसतं.

तर मग उपाय? अनुकरण टाकता येत नाही, असंच जिरार मानतो. कुणाचं करायचं एवढंच हातात असतं. तो स्वतः श्रद्धावान कॅथलिक होता, आणि ज्याच्याशी स्पर्धा होऊ शकत नाही असा नमुना म्हणून त्याने ख्रिस्ताकडे बोट दाखवलं. हेच उत्तर ज्यांनी शिलाईपर्यंत उतरवलं, ते ‘विटनेस’मधले आमिश. नक्षीचं कापड नाही, पुष्कळ ठिकाणी कोटाला बटणांऐवजी आकडे, बायकांच्या डोक्यावर पांढरी टोपी. कारण एकच: कपड्याने गर्व वाढू नये. प्रत्येक मंडळीत नियमांची वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या विधीआधी उजळणी होते. तरीही फरक शिल्लक राहतोच. पेनसिल्व्हेनियाच्या बिग व्हॅलीत एका गटाचे पुरुष विजारीला खांद्यावरचा पट्टा लावतच नाहीत, दुसऱ्या गटाचे एकच लावतात. आणि कोण कुठला हे तिथल्या पोरालाही लांबून ओळखू येतं.

हायस्कूल हा या मंडळींना खरा धोका वाटला. विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लॅरसच्या पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायचं नाकारलं, प्रत्येकी ५ डॉलर दंड झाला आणि खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७२ च्या ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ निकालाने पालकांची बाजू मान्य केली. निकालपत्रात स्पर्धा आणि ऐहिक यश यांच्याबरोबर एक मुद्दा नोंदवला आहे: बरोबरच्या मुलांच्या राहणीशी, वागण्याशी जुळवून घेण्याचा दबाव. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने फॅशनला धर्मस्वातंत्र्याच्या प्रश्नात जागा दिली ती अशी. त्यामुळे १९८५ मध्ये बाकीच्या अमेरिकेतलं पोर उभ्या कॉलरच्या चिंतेत असताना त्याच वयाचं आमिश पोर गोठ्यात होतं.

आमिशांची एक बाजू खरंच भक्कम आहे. त्यांच्यात बाप्तिस्मा बाळाला देत नाहीत. साधारण १८ ते २२ व्या वर्षी तरुण स्वतः मंडळीसमोर शपथ घेतो. त्याआधीच्या मोकळ्या वर्षांत काही मुलं जीन्स घालून पाहतात, काही चक्क मोटार घेतात. वारकऱ्याची तुळशीची माळ जशी नियम पत्करून गळ्यात येते, तसा तो साधा कोट अंगावर पक्का होतो. हायस्कूलमधल्या मुलीने दहा वर्षांत दहा वेष बदलले, पण ‘हे मी पत्करलं’ असं कधी कुणासमोर म्हटलं नाही. आमिश मुलांपैकी मोठा भाग परत येऊन शपथ घेतो, यात श्रद्धा आहे, तशी अडचणही आहे: आठवीपर्यंतचं शिक्षण, सगळे सोयरे आत, आणि शपथ मोडली तर वाळीत. बाहेरची मुलगी निदान पुढच्या सप्टेंबरात कॉलर खाली पाडू शकत होती, आणि कुणी तिच्याशी जेवण तोडत नव्हतं. अनुकरण दोन्हीकडे आहे. परतीची वाट जिथे रुंद आहे, तिथे स्वातंत्र्य जास्त, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

योडर खटल्यात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं. एखाद्या मुलाला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचं असेल, तर त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या खटल्यातल्या तीन मुलांपैकी साक्षीला बोलावलं गेलं ते फक्त एका मुलीला.