मैत्रिणीचा आनंद
(शास्त्रभाग : रोमकरांस पत्र १२:१५, लूक १:३९-४५)



रोम येथील मंडळीला लिहिताना पौल दुसऱ्याच्या आनंदाची गोष्ट आधी सांगतो व अश्रूंची नंतर. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. दुःखिताजवळ बसणे त्या मानाने सोपे. आपल्याला हवे होते ते मैत्रिणीला मिळाले असता मनापासून हर्ष करणे फार कठीण.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यकी शिकण्याच्या उमेदीने. ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी गेल्या व स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकू लागल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. वयाची एकवीस वर्षेही पुरी नव्हती. त्या समारंभासाठी रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन समुद्र ओलांडून आल्या. जी विद्या आपल्या वाट्याला आली नाही, तिचा मान मैत्रिणीला मिळताना पाहायला आल्या! रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, आनंदीबाई हिंदूच राहिल्या. तेही अंतर आड आले नाही.

वर्ष भरण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यास क्षयाने वारल्या. आनंदाला आलेल्या मैत्रिणीच्या वाट्याला शोकही आला. पुढे मायदेशी परतून रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. तो दिवसही ११ मार्चच होता, साल १८८९.

अलीशिबेचे मन असेच होते. मरीयेचा मान आपल्याहून मोठा आहे हे जाणून तिने भेटताक्षणीच तिला धन्य म्हटले.

आज बेळगाव, इंदूर, बडोद्याच्या आपल्या मुली मुंबई-पुण्यास शिक्षणासाठी, नोकरीसाठी जातात. दोघी एका खोलीत राहतात, एकच परीक्षा देतात आणि यादीत एकीचेच नाव लागते. त्या संध्याकाळी मैत्रीची पारख होते. नाव न लागलेलीने पेढा गोड मानून घ्यावा. नाव लागलेलीने दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर पुन्हा पुस्तक उघडून बसावे. आणि आपण वडील मंडळींनी पत्रात वा फोनवर "तिला मिळाले, मग तुला का नाही?" असे विचारू नये. या एका प्रश्नाने मैत्रीत विष कालवले जाते.

संडे स्कूलच्या शिक्षकांनो, बक्षिसे वाटताना ज्या मुलीचे हात रिकामे राहिले तिच्याकडेही पाहा. टाळी मनापासून वाजवायची सवय तेथेच लागते.

प्रभू आपल्या मुलींना असे मन देवो. आमेन.