तळ्याचं पुण्य

उजनीचं धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली, जाऊ लागलं की सोलापुरात आमच्या भवानी पेठेत बायका घागरी मोजायला लागतात. त्याच दिवसांत तिकडे इंदापूर तालुक्यात, जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्यातून वर येतं. १९८० साली हे धरण पूर्ण झालं, ११७ टीएमसीचं, आणि भीमाकाठची कितीतरी गावं त्याच्या पोटात गेली. ते देऊळ बघायला एका एप्रिलात मी होडीत बसले.

होडीवाले काका त्याच बुडालेल्या गावचे. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशीची होडी वादळात उलटून सहा जीव गेले, तेव्हापासून ते आभाळ बघूनच दोरी सोडतात. ऊन चढलं होतं, पाणी तापल्यासारखं चमकत होतं. विटांचं शिखर जवळ आलं तसं त्यांनी इंजिन बंद केलं आणि पायातल्या चपला काढल्या. होडीत! मीही काढल्या.

"काका, देव तर वर नव्या गावात नेला ना?"

"देव नेला ताई. जागा कशी नेणार?"

पाणी देणं म्हणजे पुण्य, एवढंच मला तोवर ठाऊक. आम्ही सोलापूरकर सिद्धरामेश्वरांच्या तळ्याकाठी वाढलो. बाराव्या शतकात त्यांनी तहानलेल्या गावासाठी तळं खोदलं, आणि ते खोदणं हीच त्यांची पूजा होती. 'शून्यसंपादने' या कानडी ग्रंथात गोष्ट आहे: वचनकार अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे तेव्हाच्या सोलापूरला, येतात आणि तळ्यावर राबणाऱ्यांना विचारतात, तो वड्ड राम, तो दगडमाती फोडणारा, कुठाय? माणसं चिडतात, दगड उचलतात. बाहेरची माती उपसून आतला देव सापडतो का, हा अल्लमांचा सवाल. लहानपणी मला त्यांचा राग यायचा. तहानलेल्याला पाणी देण्यापेक्षा मोठं ज्ञान ते कोणतं?

आजही मी सिद्धरामांच्याच बाजूची. पण त्या शिखराला होडी टेकली तेव्हा अल्लमांचा सवाल पहिल्यांदा मला लागला. 'मी दिलं' म्हणणाऱ्याच्या नावावर पुण्य जमा होतं; ज्याचं गेलं, त्याचं काय? आपल्याकडे दान देताना हातावर पाणी घेऊन सोडतात, आता हे माझं नाही म्हणून. इथे पाणीच चालून आलं आणि उंबरे, जोती, शेतं, देवाचा गाभारा सोडवून घेऊन गेलं. संकल्प कुणी सोडला? मनापासून न दिलेलं ते दान नव्हे. ते ऋण. आणि माझ्या मते ते धरण बांधणाऱ्यापाशी संपत नाही, पिणाऱ्याकडे येतं. पितृऋण आपण न मागता घेऊन जन्मतो, तसंच हेही. माझ्या दोन्ही मुली या पाण्यावर वाढल्या, आणि पळसदेव हे नाव मी त्यांच्यापाशी कधी काढलं नव्हतं.

शिखराच्या विटांना हात लावला. वरून तापलेल्या, पाण्यालगत गार. चाळीस-पंचेचाळीस वर्षं बुडून राहिलेलं ते बांधकाम अजून उभं आहे, त्याला नमस्कार केला. नमस्कार देवाला केला की गावाला, मला सांगता येत नाही.

परतताना एका जागी काकांनी होडी सावकाश केली आणि वल्हं पाण्यात उभं धरलं. "इथं आमचं घर." खाली हिरवट गढूळ पाणी, बाकी काही दिसेना. काय बोलावं ते मला सुचलं नाही. त्यांनीच विचारलं,

"सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ओ?"

"चार दिवसांनी. कधी पाच."

ते थोडा वेळ गप्प राहिले.

"पोचतंय ना पण?"