मेंढीच्या आडून

२०२३ च्या उन्हाळ्यात मी कंपनीच्या कामासाठी न्यूकॅसलला होतो. शहरभर फायबरग्लासच्या मेंढ्या उभ्या होत्या. कार्टूनमधला शॉन द शीप, साचा एकच, पण प्रत्येकीवर वेगळ्या चित्रकाराचे रंग. ट्रेलचं नाव ‘शॉन ऑन द टाइन’. टाइन ही तिथली नदी. फोनवर ॲप होतं. मेंढी सापडली की तिच्यापाशी दिलेला कोड टाकायचा, ती तुमच्या खात्यात जमा. लोकांना ॲपला चिकटवून कसं ठेवायचं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, तरी मी चिकटलो. दोन वीकेंड पाय दुखेपर्यंत फिरलो.

हे सगळं कशासाठी आहे ते पाहायला मला तिसरा शनिवार उजाडला. सेंट ऑस्वल्ड्स हॉस्पिससाठी. कंपन्या मेंढ्या प्रायोजित करतात, शाळेतली मुलं छोट्या मेंढ्या रंगवतात, शेवटी मोठ्यांचा लिलाव होतो आणि पैसे हॉस्पिसला जातात. हॉस्पिस म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा माणसांची, लहान मुलांचीसुद्धा, काळजी घेणारी जागा. वेदना कमी करायची, उरलेले दिवस नीट जाऊ द्यायचे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स काढलं, तिथून ही आधुनिक चळवळ सुरू झाली. आपल्याकडे वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. मी मुंबईत चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि हे नाव एकदाही ऐकलं नव्हतं.

मला आधी रागच आला. मुंबईतही २०१८ मध्ये रंगवलेले हत्ती मांडले होते, पण ते खऱ्या हत्तींसाठी होते. इथे हसऱ्या मेंढीचा मरणाशी काय संबंध? मरणाऱ्या माणसाचा फोटो लावला तर कोणी थांबणार नाही, म्हणून मेंढी. ही फसवणूक नाही का? शिवाय ब्रिटनमध्ये हॉस्पिसच्या खर्चाचा मोठा भाग देणग्यांमधून येतो. म्हणजे कोणाच्या तरी मॉर्फिनचा खर्च थोडाफार यावर अवलंबून, की लिलावात बोली किती चढली. आमच्याकडे असा सर्व्हर कोणी चालवला तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. हा मुद्दा मला आजही सोडवता येत नाही. ते सरकारचंच काम आहे असं माझं मत आहे.

फसवणुकीबद्दल मात्र माझं मत बदललं, ते आजीमुळे.

आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली. कॅन्सर पसरला होता. अकरा दिवस आयसीयूत होती. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, एका वेळी एकच माणूस. बाबा प्रत्येक वेळी डॉक्टरांना म्हणायचे, “काय लागेल ते करा.” आजी विचारायची, “घरी कधी नेताय?” आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, सांगायचो, “सोमवारी.” असे दोन सोमवार गेले. तिला कळत होतं हे आता मला कळतं. दुसऱ्या सोमवारनंतर तिने विचारणंच सोडलं.

तीही आमची रंगवलेली मेंढीच होती. फरक एवढाच, की न्यूकॅसलच्या मेंढीजवळ हॉस्पिसचं नाव लिहिलेलं होतं. तिच्याकडे पाहायला थांबलेला माणूस ते नाव कधी ना कधी वाचतो. एका आईला तिच्या मुलाने माझ्यासमोर विचारलं, “हॉस्पिस म्हणजे काय?” तिने तिथेच उकिडवं बसून त्याला सांगितलं. त्याने ऐकलं आणि पुढच्या मेंढीकडे पळाला. आमच्या ‘सोमवार’मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. आजीला काही विचारायचं असेल, सांगायचं असेल, कोणावर रागवायचं असेल, तर ती वाट आम्ही प्रेमाने बंद केली होती.

त्या रात्री बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मी मेंढ्यांचे फोटो दाखवले. ते हसले, “हे काय नवीन?” मी सांगितलं. हॉस्पिस काय असतं तेही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं.

मग म्हणाले, “तिथे घरच्यांना रात्री थांबू देतात का रे?”