दीक्षा, जमीन आणि छापखाना

ख्रिस्ती धर्मसेवेतील स्त्रियांच्या स्थानाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते आणि तो प्रश्न दीक्षेचा, म्हणजे मंडळीचा पाळक या नात्याने बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी चालवण्याच्या अधिकाराचा असतो. महाराष्ट्रातील मंडळ्यांचा इतिहास पाहता मात्र असे दिसते की, स्त्रियांकडून धर्मसेवा करून घेण्यास कोणाचीच फारशी हरकत नव्हती. हरकत होती ती त्या सेवेबरोबर जमीन, पैसा आणि मत त्यांच्या हाती जाण्यास.

जालना जिल्ह्यातील प्रोटेस्टंट परंपरेचे मूळ स्कॉटिश मिशनमध्ये आहे. 1843 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात, दिवाण सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर, जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. या कामगिरीचे मोल मोठे आहे. परंतु तिच्या आठवणीत उरतात ते शेषाद्री, सालारजंग आणि मिशनरी, आणि दलित जातींतून आलेल्या त्या कुटुंबांतील बायका मात्र क्वचितच नावानिशी भेटतात.

त्या काळी घरोघरी जाऊन शास्त्रवाचन करणाऱ्या, बायकांना अक्षरओळख करून देणाऱ्या पगारी ख्रिस्ती स्त्रीला ‘बायबलबाई’ म्हणत. परक्या पुरुषाला जेथे ओसरीच्या आत पाऊल टाकता येत नसे, तेथे माजघरात बसून ती जे सांगे, ते उपदेशाहून वेगळे नव्हते. तरीही तिचा पगार बहुधा परदेशातील स्त्रियांच्या मंडळांनी जमवलेल्या देणग्यांतून येई, देखरेख मिससाहेबांची असे आणि पुरुषांच्या सभेत तिला ना व्यासपीठ होते ना मत. मिससाहेबांची स्थितीही सर्वस्वी वेगळी होती असे नाही. 1827 साली मुंबईत उतरलेल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या अविवाहित मिशनरी सिंथिया फरार यांच्या काळातही मिशनचा कारभार पुरुष मिशनऱ्यांच्याच मताने चाले.

ही सारी व्यवस्था ज्या एका स्त्रीने उघड प्रश्नाखाली आणली, त्या पंडिता रमाबाई. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या स्त्रीमहाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या आणि 1885 मध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे की नाही असा वाद निघाला. हिंदुस्थानात कार्य करणाऱ्या बिशपांनी, पुरुषांना शिकवल्यास स्वदेशात त्यांच्याविषयी गैरसमज होईल, अशी सबब पुढे करून विरोध केला. वास्तविक कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 मध्येच त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या आणि पुरुषांच्या सभांत त्यांची पुराणे व व्याख्याने झाली होती. हिंदू पंडितांना जे खपले ते ख्रिस्ती बिशपांना खपेना, हा विरोधाभास रमाबाईंच्या ध्यानात आला होता. आपल्या पित्याने वा पतीने कधी घेतला नाही तो आक्षेप येथे का घेतला जावा, असे त्यांनी पत्रातून रोखठोक विचारले, आणि सद्सद्विवेक पाद्र्यांच्या स्वाधीन करण्यास त्या पुढेही कधी राजी झाल्या नाहीत.

त्यांनी दीक्षा मागितली नाही. त्याऐवजी अमेरिकेत व्याख्याने देऊन आणि पुस्तक विकून पैसा उभा केला, 1889 मध्ये मुंबईत शारदासदन काढले आणि पुढे केडगावला स्वतः जमीन घेऊन मुक्तिसदन वसवले, जेथे दुष्काळात वाचलेल्या शेकडो मुली-बायका विणकाम, शेती, तेलाचा घाणा असे व्यवसाय शिकल्या. 1905 मध्ये तेथे झालेल्या धर्मजागृतीच्या वेळी त्यांतल्याच स्त्रिया टोळ्या करून आसपासच्या गावांत प्रचाराला जाऊ लागल्या आणि त्यासाठी कोणत्याही बिशपची परवानगी लागली नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सगळे बायबल, प्रचलित भाषांतर अल्पशिक्षित बायकांना जड जाते म्हणून, सोप्या मराठीत आणले. मुक्तीच्या छापखान्यात काना, मात्रा, वेलांटी यांचे शिशाचे खिळे कप्प्यांतून उचलून ओळ जुळवणाऱ्याही स्त्रियाच होत्या. 1922 मध्ये रमाबाई वारल्या आणि 1924 मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. शास्त्राचा अर्थ लावणे हा धर्माधिकाराचा गाभा मानला, तर पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवू न दिलेल्या स्त्रीने तो गाभाच हाती घेतला होता.

नंतरच्या काळात नियम बदलले. स्कॉटलंडच्या चर्चने 1968 मध्ये स्त्रियांना पाळकपद खुले केले. स्कॉटिश व अमेरिकन मिशनच्या मराठी मंडळ्या ज्यात सामील झाल्या ते उत्तर भारत चर्च 1970 मध्ये नागपूरला स्थापन झाले आणि त्यानेही पुढे स्त्रियांना दीक्षा दिली. दक्षिण भारत चर्चमध्ये 2013 साली ई. पुष्पललिता बिशप झाल्या. कॅथलिक चर्चची भूमिका मात्र 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पुन्हा ठामपणे मांडली असून त्यानुसार धर्मगुरुपद पुरुषांपुरतेच आहे. मराठवाड्यातील कॅथलिक शाळा आणि दवाखाने सिस्टरांच्या जिवावर चालत असले तरी वेदीवरचा विधी त्यांच्या वाट्याला येत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांतही दीक्षा झाली म्हणजे सारे झाले असे नव्हे, कारण पाळकाची नेमणूक, बदली आणि मिशनकाळापासून चालत आलेल्या मालमत्तेचे व्यवहार समित्यांत ठरतात. त्या समित्यांत किती स्त्रिया बसतात आणि हिशेबाच्या वह्या कोणाच्या हाती असतात, याकडे दीक्षेच्या वादात क्वचितच कोणाचे लक्ष जाते. रमाबाईंनी मात्र केडगावला सुरुवात तेथूनच केली होती.