आकडा जुळवायला एक माणूस

एनबीएचा मोसम संपला की मी दरवर्षी बोस्टन सेल्टिक्सचा संघ एक्सेलमध्ये नव्यानं बांधतो. पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघाला अदलाबदल करताना दोन्हीकडचे पगार साधारण जुळवावे लागतात. म्हणून एखादा खेळाडू केवळ आकडा जुळावा म्हणून यादीत जातो. त्याचं नाव मी सगळ्यात शेवटी भरतो.

२०१७च्या एप्रिलमध्ये आयझेया थॉमसची बहीण अपघातात गेली. दुसऱ्याच दिवशी तो बोस्टनकडून खेळला. २ मे रोजी, तिच्या वाढदिवशी, या पाच फूट नऊ इंचाच्या माणसानं ५३ गुण केले. आपल्याकडे पहाट होती. मी हॉस्टेलच्या खोलीत आवाज बंद करून रडलो. खुब्याचं दुखणं अंगावर काढत तो पुढेही खेळला. ऑगस्टमध्ये संघानं त्याला क्लीव्हलँडला देऊन कायरी अर्विंगला आणलं.

माझ्या फाइलमध्ये तो जूनमध्येच गेला होता. नावापुढे मी लिहिलं होतं : ‘खुबा, जोखीम’.

मित्र म्हणतो, करारावर सही त्याचीच होती, पैसेही मिळाले. आणि २०१९मध्ये अर्विंग स्वतःहून ब्रुकलिनला गेलाच की! खरंय. पण हा बचाव संघाचा झाला. व्यवस्थापकाची नोकरी असते, त्याला निदान फोन करून खेळाडूला सांगावं तरी लागतं. मला कुणी नेमलं होतं? थॉमसकडून मी जे घेतलं, ते कुठल्याच करारात नव्हतं.

यंदाचीही फाइल उघडी आहे. शेवटची ओळ अजून रिकामी आहे.